गुरुजींचं बोट

माणसाने आजवर मोजमापाची जेवढी साधनं घडवली, त्या सगळ्यांहून माणसाचं बोट श्रेष्ठ आहे. त्याला वीज लागत नाही, त्यावरचे आकडे पुसट होत नाहीत आणि ते घरी विसरून येता येत नाही. नावा बनवणाऱ्या त्या कारखान्यात तरी हे तत्त्व सर्वमान्य होतं. अर्थात सगळी बोटं सारखी नव्हती. प्रमाण मानलं जाई ते एकच बोट, गुरुजींच्या उजव्या हाताचं, अंगठ्याशेजारचं.

त्या बोटाला गेले काही आठवडे खाज सुटली होती.

गुरुजी शाळेत कधी शिकवायला गेले नव्हते. कारखान्यात नव्याने लागणाऱ्या प्रत्येकाला रेझिनपासून, म्हणजे नावा घडवायच्या त्या चिकट रसायनापासून, कसं जपायचं हे ते सांगत, म्हणून गुरुजी. पत्र्याच्या छपराची लांब शेड, मधोमध ओळीने मांडलेले नावांचे साचे, एका कोपऱ्यात वजनकाटा आणि रेझिनमध्ये ते कडक करणारा हार्डनर मिसळून मिश्रण करायचं टेबल, दुसऱ्या कोपऱ्यात घासकाम. साच्यात काचेच्या धाग्यांचं कापड अंथरायचं, त्याला ब्रशने रेझिन पाजायचं, रोलर फिरवून हवेचे बुडबुडे काढायचे आणि मग थांबायचं. थांबणं हाच या धंद्यातला अवघड भाग. पुढचा थर फार लवकर दिला तर खालचा सरकतो. फार उशिरा दिला तर खालचा कडक होऊन बसलेला असतो, त्यावर मेणासारखा एक तुपकट पापुद्रा धरलेला असतो, आणि वरचा थर त्याला चिकटल्यासारखं फक्त दाखवतो. मधली एक वेळ असते, रेझिनला बोट चिकटतं पण बोटाला रेझिन येत नाही, ती बरोबर. ती वेळ गुरुजींच्या बोटाला कळे.

त्यामुळे दिवसातून कितीतरी वेळा शेडमध्ये हाक ऐकू येई, "गुरुजी, बोट!"

गुरुजी येत. उजव्या हाताचा मोजा काढत, डाव्या बगलेत धरत, उघडं बोट रेझिनवर टेकवत आणि डोळे मिटत. तेवढा वेळ रोलरही थांबत. मग "चला" किंवा "अजून थोडं" असा निकाल येई आणि शेड पुन्हा श्वास घेऊ लागे. बोटाला राहिलेला चिकटपणा गुरुजी मागच्या खिशातल्या थिनरच्या फडक्याला पुसत आणि मोजा पुन्हा चढवत.

आता त्यांचं व्याख्यान ऐका.

"रेझिन फार सभ्य असतं," गुरुजी नव्या माणसांना सांगत. "पहिल्या भेटीत काही करत नाही. दुसऱ्या भेटीतही नाही. ते फक्त तुम्हाला ओळखून ठेवतं. मग एक दिवस तुमचं अंग म्हणतं, बास. आणि हे बास जन्मभराचं असतं बरं का. पुढे नुसतं डब्याचं झाकण उघडलं तरी डोळे सुजणार. म्हणून मोजा काढायचा नाही. कातडीला लागलं तर साबण आणि पाणी. थिनर अजिबात नाही. थिनरने ते जात नाही, आत जातं. घासकाम करताना तोंडावर मास्क, बाह्या मनगटापर्यंत, आणि अर्धवट वाळलेलं घासायचं नाही, ती धूळ सगळ्यात वाईट. मिश्रण थोडं थोडं करायचं. बादलीभर करून ठेवलंत तर बादली तापेल, धुरेल आणि तुम्हाला पळवेल."

शेवटचं पटावं म्हणून ते अंगणात एका प्लास्टिकच्या भांड्यात मुद्दाम जास्त मिश्रण करून ठेवत. भांडं तापत तापत वितळून बसे, त्यातून पांढरा धूर निघे आणि नवी माणसं दोन पावलं मागे सरत. मग गुरुजी समाधानाने आत येत, मोजा काढत आणि कुठल्यातरी नावेला बोट लावत.

यात कोणालाच काही विचित्र वाटत नसे. नियम माणसांसाठी असतात, मापकासाठी नसतात.

खाज आधी बोटाच्या पेरावर आली. मग बोटांच्या बेचक्यांत बारीक पाण्याचे फोड. मग मनगटावर लाल पट्टा. मग एका सकाळी गुरुजी आरशासमोर उभे राहिले तर पापण्या अशा सुजलेल्या, की आरशातला माणूस कोणीतरी रात्रभर रडवल्यासारखा दिसत होता.

गुरुजींना पहिल्याच फोडाला कळलं होतं. ज्याने ते व्याख्यान इतक्यांदा दिलं त्याला कळणार नाही तर कोणाला? पण कळणं आणि कळलं असं कबूल करणं यांत बरंच अंतर असतं, आणि त्या अंतरात माणूस संसार थाटून राहू शकतो. पोहायला शिकवणारा गुडघाभर पाण्यात बुडाला तर लोक आधी हसतात आणि मग त्याला बाहेर काढतात. गुरुजींना ते हसू ऐकू येत होतं.

"अहो, हे काय झालंय?" बायकोने नाश्त्याच्या टेबलावर त्यांचा हात उलटा करून पाहिला.

"तुझा तो कपड्यांचा नवा साबण," गुरुजी म्हणाले.

म्हणण्याआधी त्यांनी विचार केला नव्हता. तोंडातून निघाल्यावर मात्र ते त्यांना फारच पटलं.

बायकोने साबण बदलला. जुन्या साबणात धुतलेल्या चादरी, उशांचे अभ्रे आणि गुरुजींचे सदरे पुन्हा धुतले. बाल्कनीतल्या दोऱ्या सलग तीन दिवस भरलेल्या होत्या. फोड गेले नाहीत.

"भांड्यांचा असेल," गुरुजी म्हणाले.

"तुम्ही कधी भांडी घासलीत?"

"ताटाला राहतो ना तो."

भांड्यांचा साबणही बदलला. मग पाण्यावर संशय घेऊन झाला, मग लोकरीच्या पांघरुणावर. शेवटी घरात बिनसाबणाचं, बिनलोकरीचं आणि बोलता न येणारं असं एकच उरलं, ते म्हणजे मांजर.

मांजर मेहुणीचं होतं. मेहुणीच्या घरात नळ दुरुस्तीच्या नावाखाली सगळ्या भिंती फोडल्या होत्या, म्हणून ती काही महिने बहिणीकडे राहायला आली होती, आणि तिच्यासोबत एक जाडजूड करडं मांजर आलं होतं. त्याचं नाव साहेब. साहेब दिवसभर गुरुजींच्या खुर्चीत झोपत आणि संध्याकाळी गुरुजी आले की खुर्ची सोडत, पण अशा चेहऱ्याने, की आपण एका कनिष्ठाला सवलत देतो आहोत.

"तुमचं काहीतरी बिनसलंय साहेबांशी," मेहुणी म्हणाली.

"माझं नाही, माझ्या कातडीचं," गुरुजी म्हणाले.

"भावोजी, ते तर तुमच्या जवळही येत नाही."

"केस येतात ना."

"आणि सुट्टीच्या दिवशी तुमचं बरं असतं ते?" बायकोने मध्येच विचारलं. "त्या दिवशी काय मांजराचीही सुट्टी असते?"

गुरुजींनी पेपर उघडला. हा प्रश्न त्यांनी स्वतःला बऱ्याच आधी विचारला होता आणि तेव्हाही पेपरच उघडला होता.

मेहुणीने वाद घातला नाही. दुसऱ्याच्या घरी राहणाऱ्या माणसाला वाद परवडत नाहीत. तिने ऑफिसातल्या एका मैत्रिणीला विचारलं, एका टोपलीत जुना टॉवेल घातला, त्यात साहेबांना बसवलं आणि नेऊन दिलं. परत आल्यावर तिने रिकामी टोपली कपाटावर ठेवली आणि म्हणाली, "झालं. आता बरं वाटेल तुम्हाला, भावोजी." तिच्या आवाजात टोमणा नव्हता. टोमणा असता तर गुरुजींना जेवण गेलं असतं.

सोमवारी पापण्या पुन्हा सुजल्या.

"मांजर गेलं," बायको म्हणाली. "आता माझी बहीण उरली. तिलाही टोपलीत घालू का?"

कारखान्यात गुरुजींची वेगळीच भरभराट चालली होती. आता ते सकाळी आल्यापासून जाईपर्यंत मोजे काढत नसत. एकावर एक दोन जोड्या, त्यावर लांब बाह्या, बाह्यांना मनगटापाशी चिकटपट्टी, आणि सुजलेले डोळे झाकायला मोठा चष्मा. मालकीणबाई, म्हणजे सगळ्यांच्या मॅडम, एकदा थांबून त्यांच्याकडे बघतच राहिल्या.

"याला म्हणतात शिस्त," त्या सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या. "इतकी वर्षं काम करूनही माणूस हलगर्जी झालेला नाही. शिका जरा." आणि त्यांनी गुरुजींचा फोटो काढून शेडच्या दारापाशी लावला. फोटोखाली लिहिलं, 'असे काम करावे.'

गुरुजी आयुष्यात पहिल्यांदाच स्वतःचे सगळे नियम पाळत होते, आणि दारातून जाताना मान खाली घालत होते.

हाका मात्र थांबल्या नव्हत्या. "गुरुजी, बोट!" गुरुजी येत. सगळ्यांकडे पाठ करत, साच्यावर वाकत, बोट रेझिनच्या अगदी जवळ नेत आणि तिथेच थांबवत. टेकवत नसत. मोज्यांच्या दोन जोड्या होत्या, तरी त्यांचं धाडस होत नसे. तापलेल्या तव्याकडे हात जावा तसा तो हात आपोआप मागे येई. मग ते मनाशी काहीतरी ठरवत. हवा गार आहे, मिश्रण मघाशीच ओतलंय, म्हणजे असेल अजून वेळ. "अजून थोडं," ते म्हणत. बहुतेक वेळा नशीब साथ देई. नशीबही नियम पाळतं, पण स्वतःचे.

मग ती नाव आली. एका क्लबाने मुलांना वल्हवायला शिकवण्यासाठी दोन जणांची नाव बनवायला सांगितली होती. पहिला थर सकाळी पडला. जरा वेळाने हाक आली, गुरुजी वाकले, बोट थांबलं. "अजून थोडं." पुन्हा हाक. "अजून थोडं." लवकर दिला तर थर सरकताना सगळ्यांना दिसेल, या भीतीने ते उशिराकडे झुकत गेले. उशिराची चूक लगेच दिसत नाही, एवढा तिचा गुण. जेवणाची सुट्टी झाली. ऊन पत्र्यावर आलं, शेड तापली. जेवून आल्यावर गुरुजी वाकले तेव्हा त्यांना बोट न लावताही दिसलं, की रेझिन कडक झालं आहे आणि त्यावर तो तुपकट पापुद्रा धरला आहे.

यावर उपाय सोपा होता. आधी पाण्याने आणि घासणीने पापुद्रा धुऊन काढायचा, मग पॉलिशपेपरने पृष्ठभाग खरखरीत करायचा, आणि मग थर द्यायचा. अर्ध्या दिवसाचं काम. पण धुवा म्हणायचं म्हणजे वेळ चुकली म्हणायचं. आणि बोटाची वेळ आजवर चुकली नव्हती.

"चला," गुरुजी म्हणाले.

दोन दिवसांनी नावेच्या कडा कापताना कापणाऱ्याच्या हातात एक टोक आलं. त्याने सहज ओढलं. वरचा थर फरफर निघत गेला, वहीला घातलेलं कव्हर निघावं तसा, आणि नाव अर्धी सोलून झाली तरी निघतच राहिला.

सगळे भोवती जमले. मॅडम आल्या. त्यांनी सोललेला थर हातात धरून उजेडात पाहिला.

"पाण्यात मुलं असताना हे झालं असतं तर?" त्या म्हणाल्या. "मिश्रण कोणाचं होतं?"

मिश्रण नेहमी एकीचंच असे. वजनकाट्यापाशी बसणारी, चाळिशीतली, कमी बोलणारी बाई. तिला सगळे तराजूताई म्हणत. रेझिन मोजायचं, हार्डनर मोजायचा, भांड्याच्या कडा आणि तळ खरवडत सावकाश ढवळायचं, दुसऱ्या कोऱ्या भांड्यात ओतून पुन्हा ढवळायचं. या कामात ती इतकी मुरलेली होती, की तिच्या घरी चहात साखर कशी पडत असेल यावर शेडमध्ये विनोद होत.

"माझं," तराजूताई म्हणाली.

"प्रमाण चुकलं असणार."

"मॅडम, प्रमाण चुकलं असतं तर ते वाळलं नसतं. हे बघा, वाजतंय." तिने सोललेल्या तुकड्यावर टिचकी मारली. तो खणखणला. "गुरुजींना विचारा. गुरुजी, तुम्ही बोट लावलं होतंत ना? सांगा ना यांना."

सगळ्यांनी गुरुजींकडे पाहिलं. गुरुजींचे हात पाठीमागे होते. दोन जोड्यांच्या आत बोटं इतकी खाजत होती, की डोळ्यांत पाणी आलं होतं, आणि ते चष्म्याआड होतं. एक वाक्य पुरलं असतं. प्रमाण बरोबर होतं, वेळ माझी चुकली. हे वाक्य त्यांच्या जिभेपर्यंत आलं, तिथे त्याने दारावरचा फोटो पाहिला आणि ते परत फिरलं.

"होतं असं कधीकधी," गुरुजी म्हणाले. "माणसाकडून होतं."

मॅडमनी मान हलवली. "बरोबर आहे. मी रागावत नाहीये तुला. पण मुलांचा प्रश्न आहे. काही दिवस काट्यावर दुसरं कोणी बसेल. तू झाडलोट बघ."

तराजूताई गुरुजींकडे बघत होती, आणि तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता, नुसतं न कळणं होतं. गुरुजींना एकदम मेहुणीने कपाटावर ठेवलेली ती रिकामी टोपली दिसली.

त्या आठवड्यात तराजूताई शेड झाडत होती. काट्यावर बसवलेला माणूस रोज एकदा तरी तिला हाक मारून विचारत होता, की भांडं काट्यावर ठेवून आकडा शून्यावर कसा आणायचा. ती झाडू हातात घेऊनच सांगत होती. गुरुजी तिची येण्याची चाहूल लागली की साच्याच्या दुसऱ्या बाजूला जात. नाव लांब असते हा तिचा एक फायदा आहे.

शनिवारी बायकोने त्यांना धरून कातडीच्या डॉक्टरांकडे नेलं. धरून म्हणजे अक्षरशः दंडाला धरून, कारण दंडच तेवढा चांगला राहिला होता.

"काम काय करता?" डॉक्टरांनी विचारलं.

"शिकवतो."

"काय शिकवता?"

"सुरक्षितता."

"रेझिनची," बायको म्हणाली.

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. ते हसले नाहीत. हसले असते तर बरं झालं असतं, गुरुजींनी त्या हसण्याची एवढे दिवस तयारी केली होती. डॉक्टरांनी त्यांच्या पाठीवर वेगवेगळ्या पदार्थांच्या छोट्या छोट्या पट्ट्या चिकटवल्या, ओळीने, आणि दोन दिवसांनी बोलावलं. पट्ट्या निघाल्या तेव्हा पाठीवरचे सगळे चौकोन कोरे होते. साबणाचा कोरा, लोकरीचा कोरा. एकच चौकोन लालबुंद, फुगलेला, पिकल्यासारखा.

"आणि मांजर?" बायकोने विचारलं.

"कुठलं मांजर?" डॉक्टर म्हणाले. "त्याचा काय संबंध? आता रेझिनपासून लांब राहायचं. कायमचं. हे बरं होईल, पण अंगाने जे लक्षात ठेवलंय ते पुसलं जात नाही."

हे वाक्य गुरुजींचंच होतं, फक्त डॉक्टर ते हातवारे न करता म्हणाले.

घरी जाताना गाडी बायको चालवत होती. सिग्नलला थांबल्यावर समोर बघतच म्हणाली, "साबणाचं मला काही नाही हो. चादरी धुतल्या, धुतल्या. बहिणीने मांजर दिलं तेव्हा एक शब्द काढला नाही. रात्री मला म्हणाली, भावोजींना त्रास नको. तुम्हाला माहीत होतं?"

"काय?"

"काय म्हणून विचारू नका. माहीत होतं का?"

"होतं."

"पहिल्यापासून?"

गुरुजींनी मान हलवली. सिग्नल सुटला, मागच्याने हॉर्न वाजवला, तरी ती हलली नाही.

"मग कारखान्यात?" तिने विचारलं. "घरी मांजराच्या नावावर खपवलंत. तिकडे कोणाच्या?"

गुरुजींनी सांगितलं. सांगायला फार वेळ लागला नाही. लाज वाटणारी गोष्ट आत असताना घरभर पसरलेली असते, बाहेर काढली की चार वाक्यांत मावते.

"आणि ती बाई आता काय करते?"

"झाडते."

बायकोने गाडी पुढे घेतली. "बहिणीला मी सांगणार नाही," ती म्हणाली. "तुम्ही सांगाल."

त्यांनी त्याच संध्याकाळी सांगितलं. मेहुणी ऐकून घेत होती. शेवटी म्हणाली, "मी काल फोन केला होता तिकडे. साहेब रुळलेत म्हणे. मैत्रिणीच्या सासऱ्यांच्या खुर्चीत झोपतात." आणि पुढे, "आता मागायलाही बरं दिसत नाही, भावोजी." मग ती आत गेली आणि तिने दार लावून घेतलं. आपटलं नाही. या घरात कोणीच काही आपटत नव्हतं. गुरुजींना ते फार जड गेलं.

दुसऱ्या दिवशी कारखान्यात व्याख्यान होतं. सोललेल्या नावेचं प्रकरण झाल्यामुळे मॅडमनी ते नव्यांपुरतं न ठेवता सगळ्यांसाठी ठेवलं होतं. मोजे घातलेले हात मांडीवर ठेवून सगळे बाकांवर बसले होते. तराजूताई मागे झाडू घेऊन उभी होती. मॅडम पहिल्या रांगेत.

गुरुजी उभे राहिले. "रेझिन फार सभ्य असतं," त्यांनी सवयीने सुरुवात केली आणि थांबले. मग त्यांनी मनगटावरची चिकटपट्टी सोडवली. वरची जोडी काढली. आतली जोडी काढली. चष्मा काढला. हात पुढे धरले.

पहिल्या रांगेतलं कोणीतरी "अरे बापरे" म्हणालं.

"हे साबणाने झालेलं नाही," गुरुजी म्हणाले. "मांजरानेही नाही." मांजराचं कोणाला कळलं नाही. "हे मी मोजा काढून बोट लावत होतो आणि थिनरला पुसत होतो त्याने झालंय. तुमच्या सगळ्यांच्या समोर. आणि हे झाल्यावर मी बोट लावणं बंद केलं होतं. नुसता वाकत होतो. अंदाजाने सांगत होतो." त्यांचा आवाज इथे जरा खाली गेला. "त्या नावेचं प्रमाण बरोबर होतं. वेळ गेली होती, ते मला दिसत होतं. धुऊन घासून मग थर द्या म्हणायला हवं होतं. मी चला म्हणालो. तराजूताईंची काही चूक नव्हती, आणि ते मला त्याच वेळी माहीत होतं."

वर पत्रा उन्हाने कडकडला.

"तुम्ही 'माणसाकडून होतं' म्हणालात," मागून तराजूताई म्हणाली.

"हो."

"कुठल्या माणसाकडून ते नाही म्हणालात."

"नाही म्हणालो."

"आठवडाभर झाडतेय मी. घरी सांगितलं, बसून कंबर दुखते म्हणून उभ्याचं काम दिलंय."

गुरुजी माफी मागणार होते. रात्री त्यांनी बऱ्यापैकी वाक्यं जुळवली होती. तिचं घरी सांगितलेलं ऐकल्यावर त्यातलं एकही उरलं नाही. "मी चुकलो," एवढंच ते म्हणाले, आणि ते इतकं तोकडं वाटलं, की त्यांनी पुन्हा एकदा म्हटलं. दुसऱ्यांदा ते आणखी तोकडं वाटलं.

"आजपासून काट्यावर बस," मॅडम तराजूताईला म्हणाल्या. "आणि माझंही चुकलं. मीही विचारायला हवं होतं." मग त्या गुरुजींकडे वळल्या. काही कडक बोलणार होत्या, पण त्यांच्या हातांकडे बघून त्यांनी ते गिळलं. "तुम्ही कोरं कापड कापायला बसा. वेगळ्या खोलीत. आणि जाताना तो फोटो काढा."

"काढतो."

"आणि," मॅडमनी सगळ्यांवरून नजर फिरवली, "अजून कोणाला असं काही होतंय का? घाबरू नका. हात वर करा."

कोणी हात वर केला नाही. मग कापणाऱ्याने हळूच आपला मोजा काढला. त्याच्या बोटांच्या बेचक्यांत लाल चट्टे होते. "आमच्याकडे सुनेने नवीन साबण आणलाय," तो म्हणाला, आणि म्हणता म्हणता गप्प झाला. रोलर फिरवणाऱ्याने बाही वर केली. त्याच्या शेजारच्याने केली. घासकामवाल्याने चष्मा काढला, त्याच्या पापण्या गुरुजींच्या पापण्यांच्या बहिणी शोभल्या असत्या. गेल्या महिन्यात त्याच्या घरचा कुत्रा गावाबाहेर मावशीकडे पाठवण्यात आला होता.

"पण तुम्ही सगळ्यांनी मोजे कशाला काढलेत?" मॅडम जवळजवळ ओरडल्याच.

ते एकमेकांकडे बघू लागले. शेवटी रोलरवाला म्हणाला, "गुरुजींसारखं बोट जमतंय का बघत होतो. मागे, कोणी नसताना."

गुरुजी खाली बसले. उभं राहण्याचं काम संपलं होतं. इतकी वर्षं त्यांनी एक व्याख्यान तोंडाने दिलं होतं आणि एक बोटाने, आणि वर्गाने दुसरं मन लावून ऐकलं होतं.

मॅडम एकेकाचे हात पाहत शेवटच्या बाकापर्यंत गेल्या. सगळ्यात शेवटी तराजूताई. तिने झाडू भिंतीला टेकवला, दोन्ही मोजे काढले आणि हात पुढे केले. स्वच्छ. दिवसभर रेझिन आणि हार्डनर यांच्या मधोमध बसणाऱ्या बाईच्या हातावर एक ठिपकाही नव्हता.

मॅडमचा चेहरा जरा सैल झाला. "बघा," त्या वळून म्हणाल्या. "निदान एकीने तरी गुरुजींचं सांगणं ऐकलं. अगदीच वाया नाही गेलं, गुरुजी."

गुरुजींनी मान वर केली.

"मी नाही ऐकलं," तराजूताई म्हणाली. "मी लागले त्या दिवशी गुरुजी रजेवर होते. मोजे मी हात गार पडतात म्हणून घालते."